सातवं कारण

नामालिंडा प्राथमिक शाळा,
मांगोची जिल्हा
९ नोव्हेंबर

चे साइती,

सलाम. तुझ्या फोनवर तीन निरोप ठेवले, एकाचंही उत्तर आलं नाही, म्हणून कागद घेतला. कागद हातात आला की तो कुठेतरी ठेवावा लागतो, बोटाने पुसून टाकता येत नाही. सुकी उसिपा मासळी घेऊन इब्राहिमची लॉरी दर आठवड्याला लिलाँग्वेच्या बाजारात जाते, तिच्यातून हे पाठवतोय. मंत्रालयाच्या फाटकावर वायसन लिकुता साहेब म्हणून विचार, असं त्याला सांगितलंय. आपलं मानाचं 'चे' लावून साइती म्हटलं तर तिथे कुणी ओळखणार नाही, हेही सांगितलं. त्याला हसू आलं.

कामाचं लिहितो. माझ्या आठवीत एकेचाळीस मुलं आहेत. मे महिन्यात त्यांची शेवटची परीक्षा. ती दिली नाही तर पुढची शाळा नाही, जाळी आणि होडी आहेच. त्यातल्या एकोणीस मुलांची नावं परीक्षेच्या यादीत घ्यायला तुमच्या यंत्राने नकार दिलाय.

झालं ते असं. चार वर्षं मका धड पिकला नाही, म्हणून आपल्या गावात पोरांना पुरुष करणारा जांदो झाला नव्हता. यंदा पिकलं. जुलैत शाळा सुटल्यावर सगळी राहिलेली पोरं एकदम रानात गेली, मिसरूड फुटलेली आठवीचीसुद्धा. ऑगस्टअखेर झोपड्या पेटवल्या आणि पोरं डोकी भादरून, नवे कपडे, नवी नावं घेऊन गावात आली. हे तुला सांगायची गरज नाही. सप्टेंबरात मी हजेरीपटावर जुन्या नावांवर लाल रेघ मारली आणि खाली नवी नावं लिहिली. माझ्या आधीचे हेडमास्तर असंच करायचे, त्यांच्या आधीचेही. साहेब तपासणीला यायचे, रेघेवर बोट ठेवून विचारायचे, "हा कुठे गेला?" हेडमास्तर म्हणायचे, "मोठा झाला." साहेब मान हलवून पुढचं पान उलटायचे.

तुमचा टॅब मान हलवत नाही. त्याने विचारलं, हे नाव का काढताय? खाली सहा कारणं. शाळा बदलली. शाळा सोडली. लग्न किंवा गरोदरपण. स्थलांतर. नोंदीत चूक. मृत. सातवं काही लिहायला जागाच नाही. मी शाळेमागच्या टेकडीवर, जिथे रेंज येते त्या गोरखचिंचेखाली, अर्धा तास बसून राहिलो. शाळा कुणी बदललेली नव्हती. नोंदीत चूक म्हणावं, तर आयांनी ठेवलेलं नाव चूक होतं का? खोटं लिहायचं नव्हतं. शेवटी मी "मृत" दाबलं. एकोणीस वेळा.

ऑक्टोबरात टॅबने मुलांचे नवे फोटो मागितले, मी काढले. आठवड्याने उत्तर आलं : "एकोणीस चेहरे प्रत्येकी दोन नावांनी नोंदवलेले आढळले. मृत विद्यार्थी हजर दिसतात. बनावट पटनोंदणीचा संशय : तीव्र. संबंधित नावे स्थगित."

आता मला सांग. त्याने मुलं बरोबर ओळखली. मार्चमधली शेंबडी तोंडं आणि ऑक्टोबरातली भादरलेली डोकी, एकालाही चुकलं नाही. मुलगा तोच आहे हे त्याला ठाऊक, मला ठाऊक. मग खोटा मी कसा ठरलो?

तक्रार करायची सोय आहे म्हणून तक्रार लिहिली, दीड तास लावून. पाठवली आणि बाटलीचं झाकण उघडून पाणी तोंडाला लावतोय तोवर उत्तर आलं, "आपल्या तक्रारीचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला आहे. निर्णय कायम." काळजीपूर्वक! माझा एक घोट व्हायच्या आत.

३१ जानेवारीला परीक्षेची यादी बंद होते. तू त्या खात्यात बसतोस, ही यंत्रणा तुमच्या समितीने आणली. हे तू सोडवशील असं मी मुलांच्या बापांना सांगून बसलोय.

ट्वायबू

*

लिलाँग्वे
२० नोव्हेंबर

प्रिय ट्वायबू,

पत्र मिळालं. इब्राहिमने फाटकावर असा काही आवाज चढवला की सुरक्षारक्षकाला वाटलं भांडण आहे. माझ्या टेबलावर अजून मासळीचा वास येतोय आणि शेजारची बाई सारखी खिडकी उघडतेय.

फोनचं मनावर घेऊ नकोस. दिवसाला दोनशे निरोप येतात रे.

पण मित्रा, "मृत"? एकोणीस? एका शाळेत एका महिन्यात! तुला कल्पना आहे का, इथे लाल दिवा लागला होता. आरोग्य खात्याला कळवायचं का, पटकी आली की काय, इथपर्यंत चर्चा गेली. नंतर चेहरे जुळले तेव्हा सगळे म्हणाले, हा हेडमास्तर एकतर मूर्ख आहे किंवा फार बेरकी. मी म्हटलं, बेरकी तर नक्की नाही.

"नोंदीत चूक" दाबलं असतंस तर दोन मिनिटांत मिटलं असतं. तुझी खोड जुनी आहे. लहानपणी आंबे चोरल्यावर कुणी न विचारता कबूल करणारा तूच.

यंत्रणेबद्दल रागावू नकोस. ती आली नव्हती तेव्हा काही जिल्ह्यांत वर्गात साठ मुलं आणि पटावर दोनशे होती. त्या खोट्या मुलांच्या नावाने पुस्तकं जायची आणि बाजारात विकली जायची. तूच मला लिहिलं होतंस की तुझ्या शाळेत चार मुलांत एक पुस्तक आहे. ती चोरी थांबवायची कुणी? समितीत आम्ही अकरा जणांनी वर्षभर खपून हे उभं केलं. प्रत्येक गावाची प्रत्येक रीत आम्हाला कशी कळणार?

मी बोललोय. मार्ग निघतो. जिल्ह्याच्या मिसेस ग्वेंग्वे शाळेवर येतील. प्रत्येक मुलाने कॅमेऱ्यासमोर जुनं नाव सांगायचं, मग नवं सांगायचं. आवाज आणि चेहरा जुळला की स्थगिती उठते. एका मुलाला फार तर एक मिनिट. पोरांना समजावून सांग, अडून बसू नका म्हणावं. परीक्षा महत्त्वाची.

घरी सगळ्यांना नमस्कार. चांबो मासा मिळाला तर इब्राहिमबरोबर पाठव, इथला शिळा असतो.

तुझा,
वायसन

*

नामालिंडा
२ डिसेंबर

चे साइती,

"प्रत्येक गावाची प्रत्येक रीत आम्हाला कशी कळणार." हे वाक्य मी असरच्या नमाजानंतर पायरीवर बसून चार वेळा वाचलं. हे "आम्हाला" कोण?

मिसेस ग्वेंग्वे २८ तारखेला आल्या. बाई वाईट नाहीत, उत्तरेकडच्या आहेत, त्यांना आपल्यातलं काही ठाऊक नाही. ज्याला ठाऊक होतं त्याने त्यांना सांगितलं नाही. त्यांनी मुलांना मैदानात रांगेत उभं केलं. कॅमेरा तिपाईवर. म्हणाल्या, "आधी जुनं नाव, मग नवं. मोठ्याने. मशीनला ऐकू गेलं पाहिजे."

पहिला दाऊदी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मॅडम, हे होणार नाही."

"मास्तर, मुलांनी परीक्षेला बसावं असं तुम्हाला वाटतं ना?"

"वाटतं."

"मग नाव सांगायला काय जातं? मला दहा शाळा करायच्यात. मी माझं सांगते बघा : ग्रेस. काही झालं का मला?"

"तुमचं नाव जिवंत आहे, मॅडम. यांचं ते रानात जळलंय."

त्या हसल्या नाहीत, पण कॅमेरेवाला हसला. म्हणाला, "जळलंय तर जळलंय, राख तरी दाखवा."

आणि मग जे व्हायला नको ते झालं. दुसरीच्या वर्गाच्या खिडकीत पोरं लोंबकळत होती. मॅडम जुनी नावं मागतायत हे त्यांना कळलं. एका चिमुरडीला वाटलं, मास्तरांनी प्रश्न विचारलाय आणि उत्तर आपल्याला येतंय. तिने अउसीकडे बोट करून त्याचं जुनं नाव ओरडून सांगितलं. खिडकीभर पोरं खिदळली. मुलीही हसल्या.

अउसी कोण ते सांगतो. अबिती सलीमाचा मुलगा, पंधरा वर्षांचा. उशिरा शाळेत आला, कारण बाप तळ्यात बुडाल्यावर तीन वर्षं तोच जाळं ओढत होता. गणितात तो मला फळ्याजवळून बाजूला सारायचा, "मास्तर, असं लवकर होतं," म्हणत. आवाज न चढवणारा मुलगा. त्याने खाली वाकून चपला उचलल्या आणि मैदानातून सरळ तळ्याकडे चालत गेला. मी हाका मारल्या, नव्या नावाने. त्याने मागे पाहिलं नाही.

त्या चिमुरडीचा बाप संध्याकाळी कोंबडी घेऊन अउसीच्या घरी माफी मागायला गेला. मॅडमने काय न्यायचं होतं? तू काय नेशील? इथे तुझ्या एका मिनिटाचा हिशोब नीट पाहून घे.

तू विचारतोस "मृत" का दाबलं. तू खरंच विसरलास का? आपल्या आयांना त्या सकाळी काय सांगितलं होतं? तुमचा पोर गेला, आता रडून घ्या. तुझी आई माझ्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि परत आलो तेव्हा आपल्याला पाहुण्यासारखं नाव विचारून घरात घेतलं. दोघं एका चादरीखाली झोपायचो रे त्या थंडीत, तळ्यावरचा वारा गवतातून आत यायचा आणि तू चादरीचं टोक माझ्या पायाखाली दाबून द्यायचास. मी जे दाबलं ते एकच उत्तर त्या यादीत खरं होतं.

आता दुसरी गोष्ट. काल कपाट लावताना मला गेल्या वर्षीचं पाकीट सापडलं, या यंत्रणेचा कच्चा आराखडा. सगळ्या शाळांना मत द्यायला पाठवला होता, मीही दिलं होतं. त्यात नाव काढण्याची कारणं सहा नाहीत, सात आहेत. सातवं मी जसंच्या तसं उतरवतो : "विधीनंतर नाव बदलले."

होतं. कुणाला तरी कळलं होतं, कुणीतरी लिहिलं होतं. मग कुणीतरी काढलं. कोणी?

ट्वायबू

*

लिलाँग्वे
१५ डिसेंबर

प्रिय ट्वायबू,

घाईत लिहितो आहे.

आराखड्यात अनेक गोष्टी असतात. अंतिम निर्णय समिती एकमताने घेते. कोण काय म्हणालं हे बाहेर सांगता येत नाही, तसा नियम आहे, आणि तो तुझ्याचसारख्या लोकांच्या संरक्षणासाठी आहे. ते पाकीट तू कुणाला दाखवू नयेस हे बरं.

मैदानात जे झालं त्याचं वाईट वाटलं. पण अधिकाऱ्याच्या कामात तू अडथळा आणलास असा अहवाल इथे आलाय. तो मी माझ्या खणात ठेवलाय. किती दिवस ठेवता येईल सांगता येत नाही. मी इथे काहीच करत नाही असं तुला वाटत असेल तर तसं समज.

पोरांचं मन वळव. वर्गात दार बंद करून नावं घ्या, फक्त तू आणि कॅमेरा. याहून जास्त मला मिळवता येणार नाही.

वायसन

*

नामालिंडा
४ जानेवारी

चे साइती,

पाकिटाच्या मागच्या बाजूला समितीची अकरा नावं छापली आहेत. ती मी आधी वाचली नव्हती. चिपेता, कुणी सल्लागार बाई, असे दहा, आणि अकरावं वायसन लिकुता. त्यात आपल्या याओ जमातीतला एकटा तू. तळ्याकाठचा एकटा तू. दहा जणांना सातवं कारण कळलं नसेल तर मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी कुणाकडे पाहिलं असेल? तुझ्याकडेच ना?

मी प्रश्न विचारला "कोणी?" आणि तू मला नियम सांगितलास. एवढं उत्तर मला पुरलं.

अउसी गेला. नाताळच्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेला माणसं नेणारी लॉरी मांगोचीवरून सुटली, तिच्यात बसला. त्याचा मामा जोहान्सबर्गला विटांच्या कामावर आहे. अबिती सलीमा शाळेत आली, माझ्या टेबलासमोर उभी राहिली. मी खुर्ची दिली तर बसली नाही. म्हणाली, "मास्तर, तुम्ही म्हणाला होतात तुमचा मित्र आहे मोठ्या ऑफिसात."

मी म्हटलं, "आहे."

"मग?"

मी टेबलावरचा हजेरीपट मिटला. ती म्हणाली, "एकदा त्याच्यासाठी रडले, तेव्हा परत येणार हे माहीत होतं. आता काय करू ते सांगा." आणि गेली. त्या दिवशी मगरिबच्या नमाजात मी सजद्यात गेलो आणि तुझा राग डोक्यातून जाईना. अल्लाहसमोर डोकं टेकवून माणसाच्या मनात शिव्या याव्यात! मी उठून पुन्हा वजू केली. तरी त्या गेल्या नाहीत.

तू लिहितोस, दार बंद करून, फक्त मी आणि कॅमेरा. तो कॅमेरा कुणाला सांगतो? तो लिलाँग्वेत जातो, तिथून अजून कुठे जातो ते तुलाही माहीत नसेल. जे नाव आई उच्चारत नाही ते तुमच्या कपाटात कायमचं पडून राहणार, आणि उद्या नोकरीला, लग्नाला, दवाखान्यात कुणीतरी पडद्यावर वाचून त्यांना त्याच नावाने हाक मारणार. मी ते होऊ देणार नाही. मला काढून टाका.

आणि अडथळ्याच्या अहवालाची धमकी मला देऊ नकोस. खणात ठेवलायस? काढ आणि दे. मी सही करून देतो की मी अडवलं.

तुला एवढं सोपं वाटत असेल तर एक कर. नाव सांगायला काय जातं? फार तर एक मिनिट. तुमच्या त्या लांब टेबलाशी, त्या अकरा जणांत उभा राहा, आणि आधी तू तुझं सांग. मोठ्याने. मशीनला ऐकू गेलं पाहिजे.

ते नाव या जगात आता चार-पाच म्हाताऱ्यांना आणि मला माहीत आहे. खरं सांगतो, हे पत्र मी त्याच नावाने सुरू केलं होतं. पहिलं अक्षर लिहिलं. मग हात थांबला आणि कागद फाडला. तुझी लाज मी राखली, साइती. तू एकोणीस पोरांची राखली नाहीस.

२७ दिवस राहिले आहेत. पोरं अजून रोज येतात. दाऊदी विचारतो, "मास्तर, आम्ही अभ्यास करू ना?" मी हो म्हणतो. माझ्या आयुष्यातलं हे एकच वाक्य आहे ज्याची मला खात्री नाही आणि तरी मी ते रोज म्हणतो.

ट्वायबू

*

लिलाँग्वे
२५ जानेवारी

ट्वायबू,

रेघ मी मारली. माझ्या पेनने.

ते सातवं कारण सल्लागार बाईंनी लिहिलं होतं. परदेशी बाई, चार दिवस मांगोचीत राहून गेल्या होत्या, कुठल्यातरी शिक्षिकेने त्यांना सांगितलं. मला वाटतं, त्या बैठकीला आल्या तेव्हा त्यांना अभिमान होता की आपण हे शोधलं. त्यांनी टेबलापलीकडून विचारलं, "मिस्टर लिकुता, तुम्ही तिकडचे ना? हे अजून चालतं का?" सगळे माझ्याकडे वळले. चिपेता साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "काय रे वायसन, तुझंपण पोरपणाचं एखादं नाव असेल मग! सांग की!" सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. मीही हसलो आणि म्हणालो, "छे हो, ते आमच्या आजोबांच्या काळात." आराखडा माझ्यासमोरच होता. मीच रेघ मारली, पुढे सरकवला. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हे तुला सांगायला हवं. मी त्यांच्यातला एक आहे असं वाटलं.

मिशनच्या शाळेत मला पहिल्याच दिवशी वायसन केलं. पंधरा वर्षांचा होतो. दुसऱ्यांदा नाव बदलताना कुणी रडलं नाही, कुणी कोंबडी कापली नाही, फक्त एका कारकुनाने लिहिलं. तेव्हापासून मी तुमच्याकडे साइती आणि इथे वायसन, आणि दोन्हीकडे थोडा पाहुणा. हे कारण म्हणून सांगत नाही. तू ते कारण म्हणून घेणारही नाहीस.

काल बैठक होती. मी विषय पत्रिकेवर घातला, "नामालिंडा : एकोणीस स्थगित नावे." मी सांगितलं, यंत्राने चेहरे बरोबर ओळखले. हेडमास्तरने खरं उत्तर दिलं. चूक यादीत आहे आणि ती यादीतली चूक मी केली. चिपेता साहेब म्हणाले, "म्हणजे? ही रीत अजून आहे? पण तूच तर..."

मी उभा राहिलो. तू लिहिलं होतंस उभा राहा म्हणून. पन्नाशीला आलेला माणूस मी, शाळेतल्या पोरासारखा खुर्ची मागे सारून. मी माझं नाव सांगितलं. मोठ्याने. बैठकीचं ध्वनिमुद्रण होतं, म्हणजे मशीननेही ऐकलं. मग म्हणालो, "हे नाव मी चाळीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. माझ्या आईनेही मरेपर्यंत उच्चारलं नाही. आता ही एक गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलाकडून, मैदानात, लहान पोरांसमोर मागा."

कुणी हसलं नाही. सल्लागार बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. चिपेता साहेबांनी विचारलं, "त्याचा काही अर्थ आहे का रे?" मी सांगितलं, ज्या दिवशी आमच्या घरून मयत निघालं त्या दिवशी मी जन्मलो, म्हणून.

ठरलं ते असं. सातवं कारण परत आलं, सगळ्या जिल्ह्यांसाठी. जुनं नाव कुणाकडूनही वदवून घ्यायचं नाही. चेहरा तोच आणि नाव नवं असेल, तर हेडमास्तर आणि गावातले दोन वडीलधारे कागदावर सही करतील, तेवढं पुरेल. आणि चाळीस सेकंदांत तक्रार फेटाळायची नाही, ती माणसाने वाचायची, त्याचं नाव खाली असेल. तुझी एकोणीस नावं आज सकाळी मोकळी झाली. मी पडद्यासमोर बसून एकेक पाहिलं. अउसीचंही आहे. शक्य असेल तर त्याच्या मामाला निरोप पोचव. प्रवासाचं मी बघतो.

अहवाल फाडला नाही. त्याच्या खाली "हेडमास्तरने योग्य केले" असं लिहून सही केली आणि फाईलला लावला.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण तुझ्यापासून लपवून झालं तेवढं पुरे. आज जिन्यात कारकून पोराने मला त्या नावाने हाक मारली. गमतीने, प्रेमानेच. जेवताना दुसऱ्याने मारली. त्यांना ते गोड वाटतं. त्यांच्यासाठी ते एक नाव आहे.

पत्राच्या वर तू जे लिहिता लिहिता थांबलास, ते मीच खाली लिहितो. तुझ्या हातून ते लिहिलं गेलं नाही, याचे उपकार.

मलिलो

*

नामालिंडा
२३ मे

चे साइती,

सलाम. तुझं पत्र मी दारातच उभं राहून वाचलं. शेवटच्या ओळीखाली जे होतं ते वाचलं आणि पान तिथून फाडून चुलीत घातलं. मक्याची न्सिमा शिजत होती. बायकोने विचारलं, "काय जाळताय?" मी म्हटलं, "चुकून आलेलं." बाकीचं पत्र पेटीत ठेवलंय. ते नाव माझ्या घरात राहणार नाही, आणि तू ते पुन्हा माझ्याकडे पाठवू नकोस. जिन्यातल्या पोरांना मी काही करू शकत नाही. तुझं ते तुला सोसायचं आहे. इथे तू आलास तर साइतीच आहेस, लहान पोरंही चे साइतीच म्हणतील.

तू उभा राहिलास. ते मी विसरणार नाही. पण तुला माफ केलं असंही समजू नकोस. मी प्रयत्न करतो, रोज पाच वेळा करतो. अजून झालेलं नाही. झालं की लिहीन, आधी खोटं लिहिणार नाही.

तीन वेळा अउसीच्या मामाकडे निरोप पाठवला. तिसऱ्यांदा अउसी स्वतः फोनवर आला. मी टेकडीवर होतो, वारा होता. तो म्हणाला, "मास्तर, इथे मी विटा मोजतो. ठेकेदाराची मोजणी चुकते, माझी चुकत नाही." मी म्हटलं, परत ये, नाव मोकळं झालंय, परीक्षा आहे. तो म्हणाला, "आईला पैसे पाठवायला लागलोय." मग म्हणाला, "खिडकीतली ती पोरगी बरी आहे ना? तिला कुणी मारलं नाही ना?" मी म्हटलं नाही मारलं. फोन कटला.

काल परीक्षा सुरू झाली. केंद्रावर हजेरी अजून कागदावर घेतात, हे तुम्ही कधी बदलाल तेव्हा बदला. मी मैदानात उभा राहून नावं वाचली. दाऊदी. हजर. त्या एकोणिसांतली अठरा पोरं एकेक करून पुढे आली, स्वच्छ शर्ट घालून, आपापल्या नावाला ताठ मानेने. आजूबाजूला त्यांचे बाप उभे होते. तेराव्या ओळीवर अउसीचं नाव होतं. मला गाळता आलं असतं, गैरहजर हे आधीच माहीत होतं. मी ते मोठ्याने वाचलं. कुंपणाशी अबिती सलीमा उभी होती. ती का आली होती मला माहीत नाही.

केंद्रप्रमुखाने कागद माझ्यापुढे केला. गैरहजर विद्यार्थ्यापुढे कारण लिहायचं असतं. तुझी सात कारणं आता कागदावरही छापली आहेत, मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. चांगली यादी आहे. त्यातलं एकही निवडावं असं नव्हतं.

मी समासात पेनने लिहिलं, "आम्हाला उशीर झाला." केंद्रप्रमुख म्हणाला, "मास्तर, हे कारण यादीत नाही." मी म्हटलं, "ठाऊक आहे." आणि खाली सही केली.

ट्वायबू